हात डोक्यावर, पाणी कपाळावर: ख्रिस्ती संस्कारांतल्या क्रिया कुठून आल्या?

शिप्राकाठ (इंदूर)

इंदुरात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे लग्न किंवा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) असला, की पाहुण्यांच्या बाकावर एक प्रश्न हमखास कुजबुजला जातो: "फादर आत्ता हातांनी जे करताहेत, ते मुळातलं की मागाहून जोडलेलं?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर एका वाक्यात मावत नाही. 'मुळातलं' कशाला म्हणायचं याबद्दल खुद्द चर्चनेच आपलं मत एकदा ठरवून पुन्हा बदललेलं आहे. म्हणून हा धागा.

आपल्याकडे तुलनेला साहित्य भरपूर आहे. शहरात लाल चर्चची लॅटिन (रोमन कॅथलिक) पद्धत, उज्जैनला केरळच्या पूर्व-सिरियन परंपरेचा सिरो-मलबार धर्मप्रांत, आणि कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या पायावर उभ्या राहिलेल्या, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असलेल्या मंडळ्या. तिन्हीकडे हात वेगळे हलतात.

सुरुवात गुरुदीक्षेपासून, म्हणजे धर्मगुरू नेमण्याच्या विधीपासून करतो, कारण तिथे हा गुंता सगळ्यात उघड दिसतो.

प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या काळापासूनची क्रिया एकच: डोक्यावर हात ठेवणे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, सात सेवकांची निवड, तिथे ती आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर असलेला विधिसंग्रह त्यातले बारकावे सांगतो: बिशपवर बिशप हात ठेवतात. धर्मगुरूवर बिशप ठेवतो आणि हजर धर्मगुरूही ठेवतात. डीकनवर (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) मात्र एकटा बिशपच, कारण डीकनची दीक्षा बिशपच्या सेवेसाठी असते, पौरोहित्यासाठी नाही. हा फरक आजही जसाच्या तसा पाळला जातो. डीकनच्या दीक्षेत इतर फादर जागेवरच बसून राहिले तर तो त्यांचा रुसवा समजू नये.

मग मध्ययुगात भर पडू लागली. दहाव्या शतकाच्या आसपास नव्या धर्मगुरूच्या हाती चषक आणि तबक देण्याची पद्धत रुजली. तळहातांना तेल लावणं आलं. दिसायला हे सगळं इतकं भारदस्त होतं, की हळूहळू तेच मुख्य वाटू लागलं. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने आर्मेनियन लोकांसाठी काढलेल्या आज्ञापत्रात धर्मगुरूच्या दीक्षेचं 'द्रव्य' (जिच्यावाचून संस्कार होत नाही ती वस्तू किंवा क्रिया) म्हणून चषक आणि तबक हाती देणं हेच सांगितलं आहे. हात ठेवण्याचा तिथे उल्लेखही नाही!

ही अडचण पाचशे वर्षं रेंगाळली. पूर्वेकडच्या ग्रीक मंडळ्यांत चषक हाती देण्याची ही क्रिया कधीच नव्हती आणि तरीही त्यांची दीक्षा रोम खरी मानत होतं. शेवटी ३० नोव्हेंबर १९४७ रोजी पोप पायस १२वे यांनी निकाल दिला: डीकन, धर्मगुरू, बिशप, तिन्ही दीक्षांचं द्रव्य म्हणजे हात ठेवणं, दुसरं काहीही नाही. चषक देणं राहिलं, पण अर्थ दाखवणारी जोडक्रिया म्हणून.

पाहताना एक लक्षात ठेवा. हात ठेवताना बिशप काहीही बोलत नाही. पूर्ण शांतता असते. दीक्षेचे शब्द त्यानंतरच्या लांब प्रार्थनेत येतात. त्या शांततेत गायकवृंदाने गाणं सुरू केलं, तर क्षणाचा सगळा भार निघून जातो. ही चूक वारंवार होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

मल्हारगंज (इंदूर)

शिप्राकाठ, उत्तम सुरुवात. दोन शंका.

एक: हात डोक्याला टेकले नाहीत, नुसते वर धरले, तर?
दोन: क्रूसाची खूण. कॅथलिक डावीकडून उजवीकडे करतात, ऑर्थोडॉक्स उजवीकडून डावीकडे. मूळची कोणती?

वेदीदीप

पहिल्या शंकेचे उत्तर त्या १९४७ च्या निर्णयातच आहे. हात डोक्याला प्रत्यक्ष लागावेत असा नियम आहे. पण चुकून स्पर्श झाला नाही तरी दीक्षा अवैध ठरत नाही. बिशपच्या दीक्षेला किमान तीन बिशप हवेत हा दंडक त्याहून जुना, ३२५ च्या निकाया धर्मसभेचा. तिथे आणखी एक क्रिया पाहायला मिळते: दोन डीकन उघडे शुभवर्तमान नव्या बिशपच्या डोक्यावर छपरासारखे धरून उभे राहतात.

क्रूसाच्या खुणेबद्दल: दोन्हींपैकी कोणतीही मूळची नाही. मूळची खूण लहान, अंगठ्याने किंवा एका बोटाने कपाळावर केलेली. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा तेर्तुलियन लिहितो, की घरातून निघताना, परतताना, कपडे-जोडे घालताना, स्नानाला, जेवायला, दिवे लावताना, झोपताना आम्ही कपाळावर ही खूण करतो. स्नानसंस्कारात फादर बाळाच्या कपाळावर अंगठ्याने जी खूण करतात, ती म्हणजे तीच जुनी खूण.

कपाळ-छाती-खांदे अशी मोठी खूण मागाहून रूढ झाली. पुढे इनोसेंट ३रे या नावाने पोप झालेल्या धर्मपंडिताने बाराव्या शतकाच्या अखेरीस जे लिहिले ते इथे महत्त्वाचे आहे: खूण तीन बोटांनी करावी, वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. म्हणजे तेव्हा पश्चिमेतही आजची 'ऑर्थोडॉक्स' दिशा चालत होती. काहीजण उलट करतात असेही तो नोंदवतो. ती 'उलट' पद्धतच पुढे पश्चिमेची झाली आणि तीन बोटांच्या जागी उघडा पंजा आला.

बोटांवरून रशियात चर्च दुभंगले. १५५१ च्या मॉस्कोच्या सभेने दोन बोटांची खूण सक्तीची केली होती. दोन बोटे म्हणजे ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी. १६५३ मध्ये रशियन चर्चचा प्रमुख पाट्रिआर्क निकॉनने ग्रीकांप्रमाणे तीन बोटे जुळवण्याचा हुकूम काढला. १६६६-६७ च्या सभेने दोन बोटेवाल्यांना बहिष्कृत केले. त्यांचा पुढारी अव्वाकुम याला १६८२ मध्ये जाळण्यात आले. तो बहिष्कार मॉस्कोने मागे घेतला १९७१ मध्ये. एका बोटाच्या फरकाला तीनशे वर्षे लागली.

अक्षरा_स

तेर्तुलियनची ती यादी वाचून आचमन आणि भस्मधारण आठवलं. दिवसाच्या प्रत्येक सांध्यावर शरीराला एक खूण!

स्नानसंस्काराबद्दल सविस्तर लिहा ना कुणीतरी. नातलगांत दोन पद्धती पाहिल्यात: एकीकडे ओंजळभर पाणी डोक्यावर, दुसरीकडे हौदात पूर्ण बुडवणं. दोघेही 'हेच बायबलमधलं' म्हणतात.

शिप्राकाठ (इंदूर)

अक्षराताई, या प्रश्नावर सगळ्यात जुना सल्ला मिळतो तो 'डिडाखे' या छोट्या पुस्तिकेत. ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचा क्रम पाहा: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड शक्य नसेल तर गरम. तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. म्हणजे वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी दोन्ही पद्धती एकाच पानावर नांदत होत्या, पसंतीच्या उतरत्या क्रमाने.

सीरियातल्या दुरा-युरोपस इथल्या घरात जे चर्च सापडलं (ते शहर २५६ च्या सुमारास उद्ध्वस्त झालं), तिथला बाप्तिस्म्याचा हौद लहान आहे. मोठ्या माणसाला त्यात आडवं करून बुडवणं कठीण. बहुधा आत उभं राहायचं आणि वरून पाणी घ्यायचं.

तीनदा की एकदा, याचीही गोष्ट आहे. सर्वसाधारण प्रघात तीनदा. स्पेनमध्ये मात्र पुत्राला पित्याहून खालचा मानणारे एरियस-पंथीयही तीनदाच बुडवत आणि त्यातून पिता, पुत्र, आत्मा यांच्यात पायऱ्या आहेत असा अर्थ काढत. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी सेव्हिलचा बिशप लेआंडर याला कळवलं, की श्रद्धा एक असेल तर पद्धतीचा फरक बाधत नाही, तुम्ही एकदाच बुडवा. ६३३ च्या टोलेडो सभेने तेच कायम केलं. एरियसचा पंथ लोपल्यावर कारणही उरलं नाही, आणि आज स्पेनमध्येही तीनदाच ओततात.

आता ज्या क्रिया गळाल्या किंवा बारीक झाल्या त्या. चौथ्या शतकात जेरुसलेमचा सिरिल वर्णन करतो: उमेदवार पश्चिमेकडे तोंड करून, हात लांब करून सैतानाला नाकारतो, कारण पश्चिम ही अंधाराची दिशा. मग वळून पूर्वेकडे तोंड करून श्रद्धा जाहीर करतो. आज नकार उरलाय प्रश्नोत्तरांत, वळणं गेलं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ते अजून आहे. रोमन विधीत जिभेवर मीठ ठेवत, ते १९६९ च्या नव्या विधीत गेलं. 'एफ्फाथा', म्हणजे 'उघड', असं म्हणून कान आणि नाकपुड्यांना थुंकी लावत. आता कान आणि ओठांना कोरड्या अंगठ्याचा स्पर्श, तोही ऐच्छिक. शुभवर्तमानात येशू स्पर्श करतो तो कानांना आणि जिभेला. मग नाक कुठून आलं? मिलानचा अँब्रोझ सांगतो, की उमेदवारांत स्त्रियाही असतात, त्यांच्या ओठांना हात लावणं प्रशस्त नाही, म्हणून नाकपुड्या. आजच्या विधीने तोंड परत आणलं.

आणि मिलानमध्ये नवख्रिस्त्यांचे पाय धूत असत. रोममध्ये ही पद्धत नव्हती हे अँब्रोझला ठाऊक होतं, तरी त्याने ती सोडली नाही. स्पेनमधल्या एल्विरा सभेने मात्र तिला मनाई केली होती. म्हणजे 'सगळीकडे एकच पद्धत होती' असा काळ शोधायला निघालात, तर तो सापडत नाही.

वेदीदीप

व्यवहारात कुठे बिघडते ते जोडतो.

पाणी त्वचेवरून वाहिले पाहिजे. दाट जावळावर चार थेंब टेकवले आणि ते केसांतच राहिले, तर शंका उरते. म्हणून बाळाचे डोके किंचित मागे झुकवून, कपाळाच्या वरच्या बाजूने ओघ डोक्यावर जाईल असे शिंपल्यातून ओतावे. पाणी डोळ्यांत जात नाही आणि बाळही कमी रडते. थंडीत पाणी कोमट करायला काहीच हरकत नाही, डिडाखेची परवानगी आहेच. ओतणारा आणि शब्द उच्चारणारा माणूस एकच हवा. एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने म्हणायचे, हे चालत नाही. शब्द आणि पाणी एकाच वेळी: 'पित्याच्या' एक ओघ, 'पुत्राच्या' दुसरा, 'पवित्र आत्म्याच्या नावाने' तिसरा.

शब्दांत बदल नको. काही ठिकाणी 'मी' ऐवजी 'आम्ही तुझा बाप्तिस्मा करतो' असे म्हणण्याची टूम निघाली होती, सगळ्या समाजाचा सहभाग दाखवावा म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की असा बाप्तिस्मा झालेलाच नाही, तो नव्याने द्यावा लागेल. परिणाम गंभीर झाले. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याची गुरुदीक्षाही नाही, आणि त्याने वाहिलेले मिस्साही (प्रभुभोजनाचे विधी) नाहीत.

द्रव्याबाबत जुने उदाहरण: नॉर्वेत पाण्याच्या टंचाईत बिअरने बाप्तिस्मे झाले होते. १२४१ मध्ये पोप ग्रेगरी ९वे यांनी तिथल्या आर्चबिशपला कळवले की ते ग्राह्य नाहीत. पाणी म्हणजे साधे पाणी. गुलाबपाणी नाही, दूध नाही.

मांडवीकर (वडोदरा)

आमच्या बाजूची भर. वडोदऱ्यात मेथडिस्ट मंडळी मोठी, आणि कॅथलिक मिस्साला इथे गुजरातीत 'ख्रिस्तयज्ञ' म्हणतात, त्यामुळे शब्दांपासूनच वेगळेपण सुरू होतं.

प्रोटेस्टंट बाजूला क्रिया 'काढून टाकल्या' एवढंच सांगितलं जातं, ते अपुरं आहे. काही काढल्या, काही मुद्दाम नव्याने घातल्या. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने भाकर उंच करून दाखवायला मनाई केली. १५५२ मध्ये आणखी काटछाट झाली, पण बाप्तिस्म्यात कपाळावर क्रूस राहिला. प्युरिटन लोकांना (आणखी सुधारणा हव्या असलेल्या इंग्लिश प्रोटेस्टंटांना) तो इतका खुपला, की १६०३ मध्ये नव्या राजाकडे केलेल्या अर्जात तो काढा ही मागणी होती. १६०४ च्या नियमावलीने उत्तर दिलं: क्रूस हा संस्काराचा भाग नाही, बाप्तिस्मा त्याच्याआधीच पूर्ण झालेला असतो, पण खूण राहील. शिप्राकाठ म्हणतात त्या 'मुळातलं आणि जोडलेलं' या भेदाचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नसेल.

मग १६६२ च्या पुस्तकाने प्रभुभोजनाच्या प्रार्थनेच्या समासात हातांच्या सूचना परत छापल्या: इथे तबक हातात घ्यावं, इथे भाकर मोडावी, इथे सगळ्या भाकरीवर हात ठेवावा, इथे प्याला घ्यावा, इथे द्राक्षारस असलेल्या प्रत्येक भांड्यावर हात ठेवावा. इथे फरक लक्षात घ्या. कॅथलिक विधीत 'भाकर मोडली' हे शब्द येतात तेव्हा मोडत नाहीत, पुढे 'देवाच्या कोकरा' म्हणताना मोडतात. १६६२ मध्ये शब्दाबरोबरच मोडतात. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याला हे लगेच जाणवतं.

मेथडिस्टांकडे प्याल्यात द्राक्षाचा रस असतो, मद्य नाही. त्यामागे रसायन आहे. द्राक्षाचा रस नुसता ठेवला तर सालीवरच्या यीस्टमुळे आंबतोच. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च या मद्यविरोधी मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची पद्धत वापरून बाटलीतला रस तापवून टिकवला, मंडळीच्या प्रभुभोजनासाठीच. त्यानंतर 'आंबवलेला नाही' असा रस वर्षभर मिळू लागला.

मल्हारगंज (इंदूर)

पण मेथडिस्ट तर १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले ना?

मांडवीकर (वडोदरा)

अर्धवट खरं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन मिशनमधून आलेले मेथडिस्ट बाहेरच राहिले. वडोदऱ्याचे त्यांतले. इंदूरचे प्रेस्बिटेरियन मात्र आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होते, ते आत आले.

आणि त्या दिवशीचा सगळ्यात मोठा प्रश्न हातांचाच होता! अँग्लिकन पाळकांवर बिशपने हात ठेवलेले, प्रेस्बिटेरियन पाळकांवर पाळकमंडळाने, बॅप्टिस्टांची आणखी वेगळी रीत. सगळ्यांना एकमेकांच्या वेदीवर मोकळेपणाने उभं कसं करायचं? दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने जुन्या पाळकांना होते तसे स्वीकारलं आणि पुढच्या दीक्षा फक्त बिशपच्या हातून करायचं ठरवलं. उत्तरेने वेगळा मार्ग घेतला: एकत्रीकरणाच्या विधीतच सगळ्यांवर हात ठेवण्यात आले, आणि ही पुनर्दीक्षा आहे की नाही यावर मुद्दाम काही म्हटलं नाही. कुणाच्या सेवेला काय उणं होतं ते देवाला ठाऊक, त्याने ते भरून काढावं, अशी भूमिका. मला ही भूमिका फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्याबाबतही तसंच: त्या मंडळीत बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणी श्रद्धा जाहीर करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत.

अक्षरा_स

मिस्साबद्दल विचारते. ओस्ती (मिस्सातली पवित्र भाकर) हातात घ्यायची की जिभेवर, यावर वाद कशाला? आणि मधेच घंटी का वाजते?

वेदीदीप

अक्षराताई, आधी हाताचे. तोच सिरिल सांगतो: डाव्या हाताचे सिंहासन करून त्यावर उजवा हात ठेव, तळवा खोलगट कर, ख्रिस्तशरीर घे आणि 'आमेन' म्हण, एक कणही सांडू देऊ नकोस. आपल्याकडे तीर्थ घेताना जशी ओंजळ होते, उजवा वर आणि खोलगट, हुबेहूब तशीच. (दोन्हींचा परस्परसंबंध नाही. पण आपल्या लोकांना ही क्रिया शिकवावी लागत नाही.) नंतरच्या शतकांत पश्चिमेत जिभेवर देणे रूढ झाले. भाकर बेखमीर, पातळ झाली. कण सांडण्याची धास्ती वाढली. आणि तेल लावलेले हात फक्त धर्मगुरूचे, ही भावना बळावली. २९ मे १९६९ च्या पत्राने हातावर देण्याची वाट मोकळी केली, पण जिथल्या बिशपांनी मागितली तिथेच.

आज शिकवतात ती मांडणी सिरिलच्या उलट आहे: डावा वर, कारण उजव्या हाताने उचलून तोंडात घालायचे असते. चुका दोन होतात. लोक चिमटीने ओस्ती पकडायला जातात, किंवा हातात घेऊन जागेवर चालू लागतात. उघडा तळवा धरावा, एक पाऊल बाजूला व्हावे, तिथेच ग्रहण करावे.

घंटीचे. साधारण १२०० पूर्वी ओस्ती उंच करून दाखवत नसत. धर्मगुरू लोकांकडे पाठ करून, हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत असे. लोकांना निदान पाहायचे होते. भाकर हातात घेताच ती थोडी वर होई आणि लोक वंदन करू लागत, म्हणजे 'हे माझे शरीर आहे' या वचनापूर्वीच. म्हणून पॅरिसचा बिशप ओदो द सुली (कार्यकाळ ११९६ ते १२०८) याने आज्ञा काढली: वचन पूर्ण होईपर्यंत भाकर छातीपाशी धरावी, मग सर्वांना दिसेल अशी उंच करावी. घंटी म्हणजे 'आता पाहा' ही सूचना. चषक उंच करणे त्यामानाने उशिरा सार्वत्रिक झाले, १५७० च्या मिस्सा-ग्रंथापासून. त्याच ग्रंथाने उंच करण्याच्या आधी आणि नंतर गुडघा टेकणे पक्के केले.

हातांचा आणखी एक नियम होता: वचनानंतर अंगठा आणि तर्जनी जुळवूनच ठेवायची, बोटे धुवेपर्यंत सोडायची नाहीत, कारण चिमटीत कण असू शकतो. पान उलटायचे तर उरलेल्या बोटांनी. ४ मे १९६७ च्या सूचनापत्राने ही सक्ती उठवली, आणि मुख्य प्रार्थनेतल्या क्रूसाच्या पंचवीसएक खुणांची एक झाली.

मल्हारगंज (इंदूर)

आणि आरती? पंचारतीसारखी ताटं घेऊन मुली वेदीसमोर येतात ते? बऱ्याच जुन्या कॅथलिक कुटुंबांना ते रुचत नाही. 'हे आपलं नाही' म्हणतात. मलाही मनापासून वाटतं, की प्रत्येक परंपरेने आपली क्रिया जपावी, दुसऱ्याची उसनी घेऊ नये.

शिप्राकाठ (इंदूर)

तुमचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, पण इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले. त्यांतले हातांशी आणि शरीराशी संबंधित असे: गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं. प्रायश्चित्ताच्या वेळी आणि मुख्य प्रार्थनेच्या शेवटी पंचांग प्रणाम. वेदीचं किंवा ग्रंथाचं चुंबन घेण्याऐवजी बोटांनी स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणं. शांतिचिन्ह म्हणून नमस्कार, किंवा एकाचे जोडलेले हात दुसऱ्याने आपल्या तळव्यांत घेणं. मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, वेदीवरच्या चौकोनी कापडाऐवजी ताट, मूठ असलेलं धूपपात्र, अंगवस्त्र. अर्पणाच्या वेळी आणि मुख्य प्रार्थनेच्या शेवटी फुलं, धूप आणि दीप यांची आरती. पादत्राणं बाहेर काढून जमिनीवर बसायलाही परवानगी.

'उसनी' म्हणाल, तर मग गुडघा टेकणं तरी कुणाचं? सुरुवातीच्या ख्रिस्त्यांची प्रार्थनेची रीत म्हणजे उभं राहून दोन्ही हात वर पसरणं, रोमच्या भूमिगत दफनघरांतल्या चित्रांत ती दिसते. निकाया सभेचा विसावा नियम तर रविवारी गुडघे टेकू नका, उभे राहा, असं सांगतो. तळवे जोडून प्रार्थना करणं पश्चिमेत मध्ययुगात पसरलं, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध सरंजामी शपथेशी जोडतात: मांडलिक आपले जोडलेले हात सरदाराच्या हातांत देई. गुरुदीक्षेत आज्ञापालनाचं वचन देताना उमेदवार आजही जोडलेले हात बिशपच्या हातांत देतो, ते नेमकं हेच. लग्नात उजवा हात उजव्या हातात देणं रोमन लोकांचं, ख्रिस्तपूर्व. अंगठीही त्यांचीच. फ्रँक सरदाराची रीत चालते, तर हात जोडून केलेला आपला नमस्कार का नको?

आरतीत बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'त्याच्याद्वारे, त्याच्यासह' हे मुख्य प्रार्थनेच्या शेवटचे शब्द धर्मगुरूचे, आणि त्यावरचं 'आमेन' लोकांचं. आरतीचं गाणं या शब्दांवरच चढलं, तर प्रार्थनेचा कळस कुणाला ऐकूच येत नाही. आरती वेदीच्या पुढून, संथ, आणि शब्द ऐकू येतील अशी करावी. कापूर टाळावा, वेदीच्या कापडाजवळ जळता कापूर नको. फुलवातीचं तूप कमी घालावं, ताट फिरताना सांडतं.

मल्हारगंज (इंदूर)

सरंजामी शपथेचं माहीत नव्हतं. आक्षेप अर्धा मागे घेतो. जे घ्यायचं ते अर्थ समजावून घ्यावं, एवढं उरतं.

वेदीदीप

त्याला माझे पूर्ण अनुमोदन. अर्थ न सांगता रुजवलेली क्रिया पुढच्या पिढीत गळते. दृढीकरणातली (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्कारातली) चापट घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस मांदचा बिशप गियोम द्युरां याच्या विधिग्रंथात ती आहे: तेल लावल्यावर बिशप गालावर हलकी चापट मारतो. ख्रिस्तासाठी सोसायला तयार राहा, असा अर्थ शिकवत; नाइटच्या दीक्षेतल्या चापटीशी तिचे साम्य उघड आहे. पुढे मुलांना एवढेच आठवू लागले, 'बिशप मारतात'. १९७१ च्या विधीत ती नाही.

दृढीकरणाचे तेल म्हणजे क्रिझ्मा: ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम. पवित्र आठवड्यात बिशप ते वर्षभरासाठी सिद्ध करतो आणि भांड्यावर फुंकर घालतो. रुग्णांचे तेल आणि दीक्षार्थींचे तेल साधे, सुगंधाविना. तिन्ही डब्यांवर नावे ठळक हवीत. क्रिझ्मा वासाने ओळखू येतो, बाकी दोन्हींचा घोटाळा होतो. डबीत कापूस ठेवतात तो एवढ्यासाठी, की तेल अंगठ्याला लागावे, ओघळू नये. वर्ष सरले की जुने तेल आणि कापूस जाळतात.

रुग्णाच्या तैलाभ्यंगात पूर्वी डोळे, कान, नाकपुड्या, ओठ, हात आणि पाय अशा सर्व इंद्रियांना तेल लावत. रुग्ण धर्मगुरू असेल तर तळव्यांऐवजी हाताच्या पाठीला, कारण तळव्यांना दीक्षेत तेल लागलेलेच असते. ३० नोव्हेंबर १९७२ च्या आज्ञापत्राने कपाळ आणि हात एवढेच ठेवले. निकड असेल तर फक्त कपाळ. जिथे ऑलिव्ह मिळत नाही तिथे दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, हेही त्यातच. सहा जागा करता करता रुग्ण दगावे, आणि संस्कार झाला की नाही याची घालमेल नातलगांना लागून राही. काटछाटीमागे ही काळजी होती.

अक्षरा_स

याच्याशीच जोडून शेवटचा प्रश्न, इंदूरच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या नर्सताईंसाठी. नवजात बाळ अत्यवस्थ आहे, आईवडील ख्रिस्ती आहेत, फादर पोचायला वेळ आहे, आणि ते 'तुम्ही पाणी घाला' म्हणतात. नर्स हिंदू असेल तर चालतं का?

वेदीदीप

चालते. कॅथलिक नियमाप्रमाणे निकडीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, स्वतः ख्रिस्ती नसला तरी. १४३९ च्या त्याच फ्लॉरेन्सच्या आज्ञापत्रात हे स्पष्ट आहे. अट एकच: चर्च जे करते ते करण्याचा हेतू हवा. आणि रुग्णालयात आईवडिलांनी स्वतः मागितले असेल तरच, हे मी ठामपणे सांगेन.

साधे स्वच्छ पाणी घ्यावे, सलाइन नको. पेटीतल्या बाळाला ओतणे शक्य नसते; ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने कपाळावर थोडे पाणी सोडावे, ते त्वचेवरून ओघळले पाहिजे. नुसता ओला बोळा टेकवू नये. नळ्या-पट्ट्यांनी डोके झाकलेले असेल तर उघड्या त्वचेवर, मिळेल तिथे. पाणी सोडतानाच, त्याच व्यक्तीने म्हणावे: "(नाव), मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." हिंदीत किंवा गुजरातीत म्हटले तरी तेवढेच खरे.

मग कागदावर बाळाचे नाव, आईवडिलांची नावे, तारीख, वेळ, पाणी कोणी घातले आणि साक्षीला कोण होते ते लिहून फादरकडे द्यावे. बाळ वाचले, तर फादर पुन्हा पाणी घालणार नाहीत. क्रिझ्मा, पांढरे वस्त्र आणि मेणबत्ती एवढेच नंतर चर्चमध्ये पूर्ण करतील.